बंद कार्डाची चालू थकबाकी

महोदय,

गेल्या वर्षी मी क्रेडिट कार्ड बंद केले. शेवटचे बिल भरले, ‘खाते बंद, थकबाकी शून्य’ असे बँकेचे पत्रही घेतले. परवा कर्जासाठी अर्ज केला, तर क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे माझ्या कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात, तेच कार्ड चालू आणि वर थकीत! बंद केल्यावर लावलेले वार्षिक शुल्क, त्यावर व्याज आणि दर महिन्याला ‘भरणा चुकला’ अशी नोंद.

रिपोर्ट देणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आले, ‘माहिती बरोबर असल्याचे बँकेने कळवले आहे.’ म्हणजे ज्याने चूक केली त्यालाच विचारायचे, बाबा रे, चुकलास का? बँक पाठवते तेच ही कंपनी नोंदवते. स्वतःहून खोडत नाही. मग बंद-पत्राची प्रत दोघांनाही लेखी पाठवली, तारखेखाली लाल रेघ मारून. तेव्हा कुठे नोंद दुरुस्त झाली, तीही एकाच ठिकाणी. दुसऱ्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये मी अजून थकबाकीदारच आहे! तिथे वेगळी तक्रार करायची.

खाते बंद करतानाच बँकेने सगळ्या कंपन्यांना तसे कळवावे. चूक तिची, हेलपाटे मात्र आमचे.

– एक त्रस्त ग्राहक