हिऱ्याच्या अंगठीसाठी बावीस कॅरेटचा हट्ट नको

महोदय,

आजीच्या कुडीतला हिरा काढून नातीसाठी जुन्या घडणीची अंगठी करण्याची हौस आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील अनेक घरांत असते. आम्हीही मुलीसाठी तशी अंगठी केली. मात्र ‘सोने म्हणजे बावीस कॅरेटच’ या माझ्या हट्टापायी ती ९१६ च्या, म्हणजे बावीस कॅरेटच्या मऊ सोन्यात घडवली गेली आणि वर्षभरातच हिरा धरून ठेवणाऱ्या नख्या वाकून, अंगठी कानाशी धरून हलवली की हिऱ्याची टिकटिक ऐकू येऊ लागली. सराफाने आधी एका शब्दानेही सावध केले नव्हते, याचे अधिक वाईट वाटते.

अठरा कॅरेटमध्ये ७५ टक्के सोने आणि उरलेले तांबे-चांदीसारखे धातू असल्याने पकड घट्ट राहते. पांढऱ्या सोन्यावरचा रोडियम या चकचकीत धातूचा मुलामा झिजतो. प्लॅटिनम टिकाऊ खरे, परंतु जुन्या पैलूंच्या हिऱ्याची पिवळसर झाक पिवळ्या सोन्यातच खुलते, असे माझे मत आहे.

हिरा सोपवताना भिंगातून पाहून त्याचे वजन पावतीवर लिहून घ्यावे, आणि तयार अंगठीवर ७५० चा (अठरा कॅरेटचा) हॉलमार्क व एचयूआयडी हा दागिन्याचा सहा अंकाक्षरी ओळख क्रमांक तपासल्याशिवाय पैसे चुकते करू नयेत.

— एक वाचक, शहापूर, बेळगाव