लंडनला पाटी आहे, बडोद्यात पत्ताच सापडत नाही

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा नोकरीनिमित्त लंडनला असतो, त्याच्याकडे यंदा दीड महिना राहून आले. राजवाडा, नदी, ते मोठं घड्याळ सगळं झालं, पण मला बघायची होती आपल्या बडोद्याशी नातं असलेल्या माणसांची तिथली घरं, आणि ती बघून आल्यापासून डोक्यात जे घोळतंय ते लिहितेय.

तिथे जुन्या घरांच्या भिंतीवर गोल निळ्या पाट्या असतात, जेवणाच्या ताटापेक्षा मोठ्या, पांढऱ्या अक्षरात नाव, जन्म-मृत्यूचं साल आणि कोण होते ते एका ओळीत, बस. १८६६ पासून हे चालू आहे, आता १००० च्या वर पाट्या आहेत. माणूस जाऊन २० वर्षं झालेली हवीत आणि तो राहिलेली इमारत उभी हवी, मग तो परदेशी असला तरी चालतो. लोकमान्य टिळक इंग्रज पत्रकार चिरोलवर केलेल्या बदनामीच्या केससाठी गेले होते तेव्हा १९१८-१९ मध्ये जिथे राहिले त्या हाउली प्लेसच्या घरावरही पाटी आहे.

आपल्या दादाभाई नौरोजींच्या अ‍ॅनर्ली पार्कच्या घरावर २०२२ मध्ये पाटी लागली. हेच दादाभाई १८७४ मध्ये बडोद्याच्या मल्हारराव महाराजांचे दिवाण होते, आणि पुढे १८९२ ला सेंट्रल फिन्सबरीतून फक्त ५ मतांनी निवडून पार्लमेंटात गेले. मी इथे चार वयस्कर लोकांना विचारलं की दिवाण असताना ते बडोद्यात कुठे राहायचे, कोणालाच सांगता आलं नाही. अरविंदबाबूंचं (योगी अरविंद घोष) तसं नाही, लंडनमध्ये शेफर्ड्स बुशला ते शाळकरी वयात राहिलेलं घर बघून आले आणि १८९३ ला सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आल्यावरचं त्यांचं घर आमच्या दांडिया बाजारात आहे, लोक तिथे जातात. म्हणजे मनावर घेतलं तर आपल्याकडेही होतं.

पण सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले ती १० किंग हेन्रीज रोडवर. चॉक फार्म स्टेशनवरून चालत गेलो, पाऊस भुरभुरत होता, विटांच्या घरांची एक लांब रांग, त्यातलंच हे एक घर, आणि भिंतीवर बाबासाहेबांचं नाव. १९२१-२२ मध्ये ते इथे राहून शिकले. महाराष्ट्र सरकारने २०१५ ला घर विकत घेतलं, मग तिथल्या कौन्सिलने हे राहण्याचं घर आहे, स्मारक करता येणार नाही म्हणून अडवलं, शेवटी मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली.

तिथे पायरीपाशी उभी असताना मला आपलं बडोदंच आठवत होतं. १९१३ ला महिना साडेअकरा पौंडांची स्कॉलरशिप देऊन बाबासाहेबांना अमेरिकेला पाठवलं ते आपल्या महाराजांनी, आणि १९१७ ला ते करारापोटी नोकरीला इथे आले तेव्हा अख्ख्या गावात त्यांना खोली मिळाली नाही हो! एका पारशी खाणावळीत नाव बदलून राहावं लागलं, अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक आले आणि संध्याकाळपर्यंत निघून जा म्हणाले. त्यानंतर मुंबईची गाडी निघेपर्यंत ते कमाटीबागेत बसून होते. बागेतली ती जागा संकल्पभूमी म्हणून सगळ्यांना माहीत आहे, दर वर्षी माणसं येतात. पण ती खाणावळ कुठे होती? ज्या शहराने राज्य केलं त्या शहरात घर मिळालं आणि आपल्याच गावात नाही, हे नातवंडांना सांगायचं तर ती जागा दाखवता यायला पाहिजे ना. लाज वाटेल, वाटू दे, तरी पाटी तिथेच लागायला हवी.

माझी मागणी मोठी नाही. पुतळा नको, कोटींचं स्मारक नको. जी घरं अजून उभी आहेत त्यांच्यावर मराठी, गुजराती आणि इंग्रजीत एक ओळीची पाटी लावा. सरदार मजूमदारांच्या वाड्यात योगी विष्णु भास्कर लेले आणि अरविंदबाबू तीन दिवस एका खोलीत ध्यानाला बसले होते, असल्या गोष्टी आमच्या पिढीबरोबर जातील. रावपुरा, मांडवी, दांडिया बाजार भागात जुने वाडे रोज पडतायत, एकदा फ्लॅट झाले की पाटी लावणार कशावर? ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबांच्या जुन्या भाडेपावत्या, पत्रं, दस्तऐवज असतील त्यांनी कृपा करून ते रद्दीत न देता एकदा बघावेत, दिवाणसाहेबांच्या घराचा किंवा त्या खाणावळीचा पत्ता त्यातच कुठेतरी असेल.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा