नर्मदेवर गळ टाकण्याआधी पाण्याची वेळ विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी सुरू झाली की इंदूरकरांच्या मोबाइलवर ‘महेश्वरला एक दिवस : नावाड्यासह गळाची मासेमारी, निसर्गदर्शन, दाल-बाफल्यांचे जेवण’ अशा सहलींच्या जाहिराती फिरू लागतात. चित्रात हमखास कोणीतरी भलामोठा महासीर छातीशी कवटाळून उभा असतो आणि खाली बारीक अक्षरांत ‘मासा परत सोडला जातो’ असे आश्वासन असते. जाहिरातीत दोन गोष्टी मात्र कधीच नसतात : वरच्या धरणातून पाणी केव्हा सुटणार, आणि वाटाड्याच्या पेटीत कोणते गळ आहेत. पहिलीवर माणसाचा जीव अवलंबून आहे, दुसरीवर माशाचा.

आधी पाण्याचे. नर्मदा आता धरणांची उतरंड आहे. इंदिरासागरचे वीजघर १००० मेगावॉटचे, त्याखालच्या ओंकारेश्वरचे ५२० मेगावॉटचे. विजेची मागणी वाढली की संच सुरू होतात आणि खालच्या पात्रात पाणी चढते. आकाश निरभ्र, पाऊस नाही, तरी पाणी चढते, हे शहरातून आलेल्या माणसाच्या लक्षातच येत नाही. दुपारी घोटाभर पाण्यातून चालत गाठलेला खडक दिवेलागणीला बेट झालेला असतो. २००५ च्या एप्रिलमध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीच्या अमावास्येच्या मेळ्यात इंदिरासागरच्या पाण्याने अनेक भाविक वाहून गेले, ते असेच, कोरड्या ऋतूत. सोडलेले पाणी खाली पोचायला वेळ लागतो. बडवाहला ते लवकर येते, महेश्वरला उशिरा. म्हणून वीजघराची वेळ कळून भागत नाही, आपण उभे आहोत तिथे ते केव्हा येते हे कळावे लागते, आणि ते रोज नाव घालणाऱ्या केवटालाच ठाऊक असते. इंदुरातून गाडीबरोबर आलेला ‘गाइड’ रॉड कितीही सफाईने फिरवत असला, तरी स्थानिक केवट सोबत नसेल तर नावेत बसू नये.

काठावर उतरल्याबरोबर पाण्याच्या कडेला एक ओळखीचा दगड हेरून ठेवावा. कोरड्या खडकावरची ओली रेघ वर सरकू लागली, काठचा पालापाचोळा आणि फेस प्रवाहात तरंगत आला, खळखळीचा आवाज जडावला, की रॉड गुंडाळायचा. दगडापाशी पाणी वीतभर चढेपर्यंत थांबणे म्हणजे उशीर. लाइफ जॅकेट नावेच्या तळाशी पसरून त्यावर बसण्याची आपल्याकडे पद्धतच आहे. ते अंगात घालून बंद आवळलेले हवेत. महेश्वरजवळ जलकोटीच्या सहस्रधारेला काळ्या कातळावर शेवाळ असते, चप्पल किंवा गुळगुळीत तळव्याचा बूट तिथे टिकत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत खेलो इंडियाच्या कनू स्लॅलमच्या, म्हणजे खळाळत्या पाण्यातून होडी वळवत नेण्याच्या, शर्यती इथे झाल्या, यावरून धारेच्या जोराची कल्पना यावी.

आता मासा. महासीर, निमाडात ज्याला बाडस म्हणतात, तो २०११ पासून मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे. त्याला वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी आणि तळाशी गोटे-खडी लागते. धरणांच्या फुगवट्यात हे दोन्ही संपते, आणि जिथे वाहते पाणी उरले आहे तिथली खडी वाळूउपशात जाते. ‘जलाशयात महासीर पकडा’ असे कोणी विकत असेल तर एकतर तो फसवतो आहे किंवा त्याला नदी कळत नाही. जलाशयात कटला, रोहू, पढीन, मरळ आहेत, आणि शिकाऊ माणसासाठी तेच उत्तम; दहा किलोचा कटला कोणाचीही हौस फेडतो. इंदिरासागरसारख्या मोठ्या जलाशयांत मात्र मासेमारीचा हक्क ठेक्याने दिलेला असतो, त्यामुळे मत्स्य महासंघाची किंवा ठेकेदार संस्थेची लेखी परवानगी आधी पाहून घ्यावी.

महासीरच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात, आणि तिथला दाब असा की बारीक तारेचा गळ चेपून जातो. गळ जाड तारेचा, एकेरी, १/० ते ४/० मापाचा घ्यावा. बाजारातून आणलेल्या प्लग-स्पूनला, म्हणजे नकली आमिषाला, कारखान्यातून तिकाटी गळ लावून येतो. त्याचा एक काटा ओठात, दुसरा कल्ल्यात आणि तिसरा सोडवणाऱ्याच्या बोटात, असाच बहुतेकदा शेवट होतो. तिकाटी काढून एकेरी बसवावा आणि गळाच्या टोकाजवळचे उलटे टोक, म्हणजे मासा अडकवून ठेवणारा काटा, पक्कडीने दाबून सपाट करावे. असा गळ माशाच्या तोंडातून निसटतो ही तक्रार ऐकू येते; दोरी सतत ताणलेली ठेवली तर निसटत नाही, ढिली सोडली तर उलट्या टोकाचाही निसटतो.

मुख्य दोरी विणलेली, तीस-चाळीस पौंडी, किमान दोनशे मीटर. पण विणलेल्या दोरीला कातळाची धार सोसत नाही. शेवटचा दोन मीटरचा तुकडा अर्ध्या मिलिमीटरच्या तंगुसाचा, म्हणजे एकसंध नायलॉनचा, हवा. गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी, कोरडी आवळली की तंगूस घर्षणाने तापून तिथेच कमजोर होतो आणि मासा लागल्यावर तिथेच तुटतो. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी किती ताणावर सुटेल ते ठरवणारा ब्रेक, बोटाने ओढून ‘बरा वाटतो’ असे ठरवू नये, स्प्रिंगचा वजनकाटा लावून तीन-चार किलोंवर बसवावा. महासीरची पहिली धाव प्रवाहाच्या दिशेने पन्नास-साठ मीटरही जाते. ड्रॅग फार घट्ट असेल तर दोरी खडकावर तुटते आणि गळ तोंडात घेऊन मासा जातो. फार ढिला असेल तर झुंज अर्धा तास चालते, मासा दमून स्नायूंतल्या आम्लाने अर्धमेला होतो आणि सोडल्यावर तासाभराने मरतो. नाजूक दोरीवर मोठा मासा खेळवण्यात पुष्कळांना कौशल्य दिसते, आम्हाला तो निव्वळ छळ वाटतो.

नर्मदेतला महासीर काठच्या झाडांची पडलेली फळे, शेवाळ, शिंपले-गोगलगायीही खातो, म्हणून कणकेचा गोळा चालतो. कणीक आणि भाजलेले बेसन घट्ट मळून, उकळत्या पाण्यात दहा मिनिटे शिजवून, पुन्हा मळून लिंबाएवढे गोळे करावेत. कच्चा गोळा दोन मिनिटांत विरघळतो आणि माणूस तासभर उघडा गळ घेऊन बसतो. मात्र रॉड दगडाला टेकवून चहा प्यायला जाऊ नये, तेवढ्यात मासा गोळा घशापर्यंत गिळतो. गळ खोल गेला असेल तर ओढू नये, शक्य तितक्या जवळ तंगूस कापून मासा सोडावा.

मासा काठाशी आला की सुताची गाठीदार जाळी नको, रबराची हवी, आणि हात आधी ओले. कोरड्या हाताने किंवा शर्टाला लागून अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की तिथे बुरशी धरते. गळ काढायचा तो जाळीत, पाण्यातच, लांब तोंडाच्या पक्कडीने. फोटोसाठी एक हात शेपटीच्या मुळाशी आणि दुसरा पुढच्या परांमागे पोटाखाली. पाण्यापासून वितभरच उचलावा आणि अंगावरून पाणी निथळायचे थांबण्याआधी परत पाण्यात. जबड्याला चिमटा लावून लटकवणे तर नकोच, मोठ्या माशाचा जबडा स्वतःच्या वजनाने निखळतो. वजनाचा फारच हट्ट असेल तर टेप लावावी : इंचांतली लांबी गुणिले घेराचा वर्ग, भागिले ८००, की पौंड मिळतात. तीस इंच लांब आणि सोळा इंच घेराचा मासा साडेनऊ पौंडांच्या आसपास, म्हणजे सव्वाचार किलोंच्या वर. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून नुसता धरून ठेवायचा. पुष्कळ वाटाडे त्याला मागेपुढे ढकलतात, त्याने कल्ल्यांत पाणी उलटे जाते. शेपटीने हाताला झटका दिला की तो तयार आहे.

हंगामाबद्दल. राज्यात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारीला बंदी आहे. पण महासीर १५ ऑगस्टला घड्याळ बघून थांबत नाही. पुढेही तो अंडी घालायला चोरलसारख्या उपनद्यांच्या तोंडाशी असतो. आमच्या मते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत या संगमांवर गळ पडूच नये. पाणी निवळल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ खरा. मार्चपासून फक्त पहाट, आणि पाणी हाताला कोमट लागू लागले की महासीर बंद, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला मासा सावरत नाही. एका नावेत दोनच रॉड. तिसरा आला की दोऱ्या गुंततात आणि केवटाचे लक्ष पाण्यावरून उडते.

घाटांपासून तर किलोमीटरभर लांबच राहावे. महेश्वरला, ओंकारेश्वरला लोक माशांना कणकेच्या गोळ्या घालतात, ते मासे माणसाला भीत नाहीत. तिथे गळ टाकणे म्हणजे देवळातल्या कबुतरांवर गलोल चालवणे. ज्यांना मासा नकोच आहे त्यांनी डिसेंबरात सूर्योदयाला मंडलेश्वरहून महेश्वरकडे नावेने यावे. धुक्यातून आधी पात्रातले बाणेश्वराचे देऊळ दिसते, मागाहून अहिल्याबाईंचा किल्ला, आणि वल्ही थांबवली तर गळ टाकून बसणाऱ्यापेक्षा जास्त मासे उसळताना दिसतात.

पैसे भरण्याआधी सहल विकणाऱ्याकडून केवटाचा फोन मागून घ्यावा आणि त्या दिवशी पाणी किती वाजता चढेल हे त्यालाच विचारावे. मग नावेत पाय ठेवण्यापूर्वी वाटाड्याकडून गळ मागून रुमालातून आरपार काढून पाहावा. अडकला, तर त्याचे उलटे टोक दाबलेले नाही. पक्कड त्याच्याच पेटीत असते, तिथेच दाबून घ्यावे.

आपला,
एक वाचक, इंदूर