जन्मतः लाल केसांच्या बायका कुठे गेल्या?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत हॉलिवूडच्या जुन्या लाल केसांच्या हिरॉइन्सचे फोटो आले होते, रिटा हेवर्थ, ल्युसिल बॉल वगैरे, आणि बाजूला घरी तसा रंग कसा आणायचा त्याच्या टिप्स. पान देखणं होतं. पण या दोघींचे केस मुळात लाल नव्हतेच हो. रिटाचे काळे होते, ते रंगवले आणि कपाळ मोठं दिसावं म्हणून पुढचे केस मुळापासून काढूनही टाकले. ल्युसिलचे तपकिरी, ती मेंदी लावायची, आमच्या आजीसारखीच.

हे मला लागलं कारण माझी भाची सहावीत आहे आणि तिचे केस जन्मापासून तांबूस, उन्हात उभी राहिली की घासलेल्या तांब्याच्या कळशीसारखे दिसतात. कुपोषणात केस तांबूस होतात हे खरं, म्हणून अंगणवाडीपासून सगळे तेच विचारत आले, पण डॉक्टरांना दाखवून झालंय, पोर धडधाकट आहे, बांगड्याचं तिखलं आणि भात दोनदा मागून घेते. शाळेत तिला ‘काथ्या’ म्हणतात. यंदा गॅदरिंगच्या आधी सांगण्यात आलं की नाचात उभं राहायचं तर केस काळे करून ये, रांगेत वेगळं दिसतं. रात्री ती स्वतःच म्हणाली, आत्या, डाय आण ना. आजी ओट्यावरून ओरडली, "देवान दिलेलो रंग तो, कित्याक बदलूचो?" पण आजीच्या बोलण्याने पोरीचं रडणं थोडंच थांबतं.

मग मी तिला अ‍ॅनची गोष्ट सांगितली. ल्युसी मॉड मॉन्टगोमेरी यांची १९०८ ची कादंबरी ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’, कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड आयलंडवर घडते, तिथली माती पण आपल्यासारखी तांबडी. अ‍ॅन लाल केसांची अनाथ पोर, वर्गातला मुलगा तिला ‘गाजर’ म्हणतो तेव्हा ती त्याच्या डोक्यात पाटी फोडते. आणि पुढे केस काळे व्हावेत म्हणून फेरीवाल्याकडून रंग घेते, तर केस होतात हिरवे आणि शेवटी कापावे लागतात! इथे भाची पहिल्यांदा हसली आणि डायचा विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, खऱ्या बायका पण होत्या का? इंग्लंडची पहिली एलिझाबेथ राणी, १५५८ ते १६०३ राज्य केलं, केस बापासारखे लाल. तीन वर्षांचीही नव्हती तेव्हा बापाने तिच्या आईचा शिरच्छेद करवला, आईवर नाही नाही ते आरोप झाले, पण पोरीचे केस बघून ती कोणाची हे कळायचं. म्हातारपणी केस गेले तेव्हा राणीने विग घातले ते पण लालच. आणि एकोणिसाव्या शतकातली लिझी सिडल, लंडनमध्ये टोप्यांच्या दुकानात काम करणारी मुलगी, त्या काळी तिकडेही लाल केस अशुभ मानायचे, पण चित्रकार तिच्याच मागे. चित्रकार जॉन मिलेच्या ‘ऑफेलिया’ चित्रासाठी ती बाथटबमध्ये पाण्यात पडून राहायची, पाणी गरम ठेवायला खाली दिवे लावलेले, ते विझले तरी ही हलली नाही आणि आजारी पडली. ती स्वतः चित्रं काढायची, कविता लिहायची, हे मात्र कोणी सांगत नाही, नुसते केस दाखवतात. मला तरी हे फार वाईट वाटतं.

लाल केसांच्या बायका तापट असतात असंही तुमच्या पानावर एका ओळीत होतं. अहो, एमसी१आर नावाच्या जीनमधल्या फरकामुळे हे केस होतात, १९९५ मध्ये हा संबंध सापडला, आणि आईबाप दोघं काळ्या केसांचे असले तरी दोघांकडून तसा जीन आला तर मूल लाल केसांचं होऊ शकतं. जगात शंभरात एक-दोन माणसं अशी असतात. यात तापटपणा कुठून आला?

तर कृपा करून एकदा या बायकांवर पण पान करा. आणि रंगीत छापा, काळ्यापांढऱ्यात सगळ्यांचे केस सारखेच दिसतात, भाचीला एलिझाबेथचे बघायचे आहेत.

आपली,
एक वाचक (आणि आत्या)
वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग