सूचना : सारंगखेडा यात्रेला जाणाऱ्या सभासदांसाठी

सर्व सभासद बंधू-भगिनींना नमस्कार.

दत्तजयंतीला सकाळी ७ वाजता ग्रामपंचायतीसमोरून आपली गाडी सारंगखेड्याला निघेल. एकमुखी दत्ताचं दर्शन आधी, मग घोडेबाजार.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. यात्रेच्या गर्दीत कुठे पोतं अंथरून तीन पत्ते फिरवणारा दिसला, 'राणी ओळखा, पैसे डबल' असं कानावर आलं, तर तिथे थांबू नका. बघायलाही नको. तो एका हातात वरखाली दोन पत्ते धरतो. आपल्याला वाटतं खालचा टाकला, पण सुटतो वरचा. आजूबाजूला जिंकणारे त्याचेच साथीदार. त्यातलाच एक जण राणीचा कोपरा हळूच मुडपून आपल्याला डोळा मारतो. आपण पैसे लावले की मुडपलेला पत्ता भलताच निघतो, कारण टाकताना पत्तेवाल्याने राणीचा कोपरा सरळ करून दुसऱ्या पत्त्याचा मुडपलेला असतो. कोणत्या वाटीखाली गोळी ते ओळखायच्या खेळाचंही तेच. गोळी बोटांत दडवलेली, वाट्या रिकाम्या.

- जनावर घ्यायला आणलेली रक्कम आतल्या खिशात ठेवा, गर्दीत मोजू नका.
- पोरांना एकटं सोडू नका.
- हरलेले पैसे परत मिळवायला पुन्हा लावू नका. भांडूही नका, त्यांची माणसं जास्त असतात. बाजूला येऊन ११२ वर फोन करा. फसलात तरी लाजू नका, लगेच आम्हाला सांगा.

परतीची गाडी संध्याकाळी ५ ला. नावं परवापर्यंत द्या.

– सचिव