मी कुठे उभी राहू, असे विचारणाऱ्या वकीलबाईंना

आदरणीय वकीलबाई,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या महिन्यात तुम्ही दोन वर्षांसाठी पूर्व आफ्रिकेत जात आहात आणि स्त्रियांवरील अत्याचाराचे खटले चालवणाऱ्या तिथल्या सरकारी वकिलांबरोबर काम करणार आहात, हे परवा कळले. निकालाच्या दिवशी तुमचे आभार मानायला पुढे आले तेव्हा तोंडून शब्द फुटला नव्हता, म्हणून आता लिहिते आहे. आणि चारचौघांत लिहिते आहे, कारण आमच्या मुलीची अवहेलनाही चारचौघांतच झाली होती. तिचे नाव इथे लिहीत नाही. मी तिची मावशी. आई गेल्यापासून ती परळला माझ्याकडेच वाढली.

खटला तुमच्याकडे येईपर्यंत तीन वर्षे गेली होती. चौकीत, इस्पितळात, दंडाधिकाऱ्यांसमोर आणि पुन्हा चौकीत तीच हकिकत तिने मोजून सात वेळा सांगितली. एका अधिकाऱ्याने तर, ‘नीट आठवून सांग, नंतर फिरवायचे नाही,’ असे तिला दरडावले होते. तुमच्या आधी ज्या वकिलांकडे हे काम होते, ते ‘पीडिता आली का?’ असे कारकुनाला विचारत, आणि ती तिथेच दोन हातांवर उभी असे. त्यांना मी माफ केलेले नाही.

साक्षीच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत तुम्ही आम्हांला रिकाम्या दालनात नेलेत. साक्षीदार आणि आरोपी यांच्यामध्ये पडदा असावा, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच सांगितले आहे, आणि २०२२ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात अशा साक्षीदारांसाठी देशभर वेगळी केंद्रे उभारण्याचा आदेशही दिला आहे, हे मला तुमच्याकडून समजले. आमच्या दालनात पडदा नव्हता. तुम्ही मागितला, तो मिळाला नाही. मग तुम्ही तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केलेत, तिचे हात कठड्यावर ठेवायला सांगितलेत, स्वतः खाली आलात आणि विचारलेत, ‘तो तिकडे बसेल. तुला तो दिसू नये म्हणून मी कुठे उभी राहू?’

ती गप्प राहिली. तुम्ही घाई केली नाहीत. दोन पावले डावीकडे सरकून म्हणालात, ‘इथे?’ मग एक पाऊल मागे येऊन, ‘की इथे?’ तिसऱ्या खेपेला तिने मान हलवली. तिथल्या लादीचा कोपरा फुटलेला होता. चपलेच्या टोकाने तो दाखवून तुम्ही म्हणालात, ‘ठरलं. उद्या मी या लादीवरून हलणार नाही.’

दुसऱ्या दिवशी उलटतपासणी पावणेदोन तास चालली. तुमच्यामागे तुमची खुर्ची रिकामी होती. गुडघ्यांमुळे तुम्ही न्यायालयाचा जिना दर चार पायऱ्यांनी थांबत चढता, हे मी अनेकदा पाहिले होते. तरी तुमचा डावा पाय त्या फुटक्या कोपऱ्यावरून निघाला नाही. न्यायाधीशांच्या परवानगीने मी मागच्या बाकावर बसले होते, आणि सगळा वेळ मी तुमच्या पायांकडेच पाहत होते.

त्याआधी तिला प्रश्न काही कमी विचारले गेले नव्हते. कुठे गेली होतीस, अंगावर काय होते, ओरडली का नाहीस. पण ज्याचे उत्तर तिच्या मर्जीचे असेल, असा प्रश्न तीन वर्षांत तुम्हीच पहिल्यांदा विचारलात. त्या रात्री ती जेवली, आणि दिवा मालवून झोपली. कितीतरी महिन्यांनी.

पुकाऱ्याची वाट पाहत आपण बाहेरच्या बाकावर बसायचो, तेव्हा तुम्ही तिला दूरदेशीच्या गोष्टी सांगायचात. दक्षिण आफ्रिकेत २००० सालापासून सरकारी वकिलांच्याच पुढाकाराने उभी राहिलेली थुथुझेला केंद्रे तुम्ही पाहून आला होतात. कोसा भाषेतल्या त्या शब्दाचा अर्थ दिलासा. डॉक्टर, पोलीस, समुपदेशक आणि वकील तिथे एका छपराखाली भेटतात, म्हणजे बाईला दारोदार तेच तेच सांगत फिरावे लागत नाही. आणि रवांडातल्या १९९४ च्या वंशसंहारानंतरची हकिकत. त्यासाठी टांझानियातल्या अरुशा शहरात बसवलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात अकायेसू या नगरप्रमुखावरच्या मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. १९९७ मध्ये एक आई आपल्या लहानग्या मुलीवर गुदरलेला प्रसंग साक्षीत आपणहून बोलून गेली, न्यायासनावरून तिला पुढे विचारले गेले. त्या आसनावर नवी पिल्लै या दक्षिण आफ्रिकेतल्या न्यायाधीश होत्या. आरोपपत्रात दुरुस्ती झाली, आणि २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात एखाद्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पहिल्यांदा बलात्कार हे वंशसंहाराचे कृत्य मानले. आमची मुलगी एवढेच म्हणाली, ‘म्हणजे तोवर कुणी विचारलंच नव्हतं?’ तुम्ही म्हणालात, ‘नव्हतं विचारलं.’ उगाच सारवासारव केली नाहीत, हे तिला फार आवडले होते.

तुमच्या टेबलावरचा फायलींचा ढीग मी पाहिला आहे. त्या दुपारची ती वीस मिनिटे तुम्ही तुमच्या जेवणातून काढलीत. डबा पिशवीतून बाहेरही आला नव्हता. असे वागण्याचे बंधन तुमच्यावर कोणत्याही कायद्याने घातलेले नव्हते, आणि तसे वागला नसतात तर कोणी जाबही विचारला नसता. चांगुलपणा म्हणजे काय, असे मला आता कोणी विचारले, तर मी त्या लादीपाशी थांबलेल्या बाईकडे बोट दाखवीन. अशी माणसे आपल्या कचेऱ्यांत अजून आहेत, यावर माझा विश्वास उडाला होता, आणि तो तुमच्यामुळे परत बसला, हे मला तुम्हांला सांगायचे होते.

तिकडच्या वकिलांना तुम्ही कलमे शिकवाल, त्यांच्याकडूनही काही शिकाल. एखाद्या रिकाम्या दालनात त्यांच्याबरोबर उभे राहून ही लादीची गोष्टही त्यांना जरूर सांगा. तिची परवानगी आहे. मी विचारून घेतली आहे.

तिने तुमच्यासाठी मेतकूट करून बरणीत भरून ठेवले आहे. निघण्याचा दिवस कळवलात, तर आम्ही दोघी सहार विमानतळावर आणून देऊ.

आपली कृतज्ञ,
तिची मावशी
परळ, मुंबई