विषय : कपडे वाळवण्याच्या यंत्रातील बिघाड न शोधताच तक्रार बंद केल्याबाबत

रत्नागिरी
दि. २१ जुलै २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या कंपनीचा बाहेर हवा सोडणारा ड्रायर आम्ही मे महिन्याच्या अखेरीस घेतला. माझ्या सासूबाई अर्धांगवायूमुळे अंथरुणावर आहेत, त्यांची चादर आणि दुपटी दिवसातून दोन-तीनदा बदलावी लागतात आणि कोकणातल्या पावसात वलणीवरचे कपडे तीन दिवसांनीही ओलसरच राहून त्यांना कुबट वास येतो, एवढ्याच कारणासाठी हा खर्च केला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून मात्र यंत्र पूर्ण वेळ फिरूनही कपडे दमटच निघू लागले.

तक्रार नोंदवल्यावर ४ जुलै रोजी आपले तंत्रज्ञ आले. त्यांनी जाळी काढून पाहिली, ड्रम हाताने फिरवला आणि 'पावसाळ्यात हवाच दमट असते, त्याला यंत्र काय करणार' असे सांगितले. वरिष्ठांशी बोलून पुन्हा येतो, असे म्हणत त्यांनी माझ्याकडून ओटीपी घेतला. संध्याकाळी तक्रारीचे निवारण झाल्याचा संदेश आला; पुन्हा कोणीही आले नाही.

हे उत्तर मला मान्य नाही. २७ अंश तापमानाची आणि ९० टक्के आर्द्रतेची हवा ६० अंशांपर्यंत तापवली, की तिची सापेक्ष आर्द्रता १६ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे बाहेर कितीही पाऊस असला तरी नीट तापलेली हवा कपड्यांतले पाणी ओढून घेतेच. पावसाळ्यात चालणार नसेल, तर रत्नागिरीत हे यंत्र कोणी कशासाठी घ्यावे?

दोष आमच्या वापरात तर नाही ना, याची खात्री मी आधी करून घेतली. जाळी प्रत्येक वेळी साफ केली जाते. मागची नळी जेमतेम दीड मीटर लांब आहे, ती सोडवून आतून झटकली आणि कुठेही दुमडणार नाही अशी पुन्हा बसवली. त्यानंतर २.४ किलो कोरड्या चादरी आणि टॉवेल धुऊन, वॉशिंग मशिनमध्ये पिळून, वजन केले तेव्हा ते ३.९ किलो भरले. आपल्या माहितीपुस्तिकेत सुती कपड्यांसाठी सांगितलेला ८० मिनिटांचा कार्यक्रम पूर्ण झाल्यावर तेच वजन ३.२ किलो होते. दीड किलो पाण्यापैकी निम्मेही गेले नव्हते. चादरींच्या शिवणी हाताला गार लागत होत्या. यंत्र चालू असताना नळीच्या बाहेरच्या तोंडाशी हात धरला, तर वारा जोरात येत होता, पण तो फक्त कोमट होता. नळी तुंबली असती तर वाराच मंद आला असता. इथे वारा भरपूर आहे, कमी आहे ती उष्णता.

म्हणून मी आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनना बोलावले. यंत्राला हात न लावता त्यांनी सॉकेटच्या फेज तारेभोवती क्लॅम्प मीटर लावला. यंत्रावरील पट्टीवर २१०० वॅट छापलेले आहे, म्हणजे सुमारे ९ अँपियर प्रवाह अपेक्षित. मीटरवर पहिल्या मिनिटापासून ४.९ अँपियरच दिसले आणि त्या वेळी व्होल्टेज २२६ होते, तेव्हा दाब कमी असल्याची सबबही उरत नाही. हीटरच्या दोन कॉइलपैकी एक तुटली असावी, असे त्यांचे मत आहे. ही तपासणी दहा मिनिटांची होती. आपल्या तंत्रज्ञांनी ती केली असती, तर पुढचे पंधरा दिवस मला सासूबाईंच्या चादरी इस्त्रीने वाळवाव्या लागल्या नसत्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीखाली दमट कापड राहिले की कातडी किती लवकर सोलवटते, हे जवळून पाहिलेल्याला सांगावे लागत नाही.

यंत्राची दोन वर्षांची वॉरंटी चालू आहे. तरी हीटर तपासून तो विनामूल्य बदलून द्यावा, बदलल्यावर प्रवाह माझ्यासमोर मोजून दाखवावा आणि ४ जुलैच्या भेटीची 'निवारण झाले' ही नोंद दुरुस्त करून तशी लेखी प्रत मला द्यावी. यापुढे काम पूर्ण झाल्याशिवाय मी ओटीपी देणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत कार्यवाही न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. खरेदीची पावती, वॉरंटी कार्ड, मीटरवरील आकड्यांची छायाचित्रे आणि आपल्याकडून आलेला संदेश सोबत जोडला आहे.

आपली विश्वासू,
एक ग्राहक